छप्पर : न. पा.

घराच्या तपासणीचा अहवाल गुरुवारी सकाळी आला आणि बाईंनी तो समासाकडून वाचायला घेतला. बावीस वर्षं शाळेत पेपर तपासलेल्या माणसाला दुसरी वाटच नसते. मजकूर काय, कुणीही लिहितो; खरं काय ते समासात असतं. या अहवालाच्या समासात तपासनिसाच्या तिरक्या, घाईच्या अक्षरात शेरे होते. छप्पर : न. पा. पन्हळी : न. पा. सांडपाण्याची वाहिनी : न. पा. मागच्या भिंतीचा पाया : न. पा. बाईंनी बोट फिरवत मोजलं. तेवीस बाबींपैकी नऊ न. पा.

"नापास!" बाई म्हणाल्या आणि अर्धवट भरलेला डबा ओट्यावर तसाच ठेवून खुर्चीत बसल्या. "अहो, ऐकलंत का? घर नऊ विषयांत नापास झालंय!"

त्यांचे यजमान अर्ध्या गालाला साबण लावून न्हाणीघरातून बाहेर आले. ते नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसत. त्यांच्याकडे शिक्का होता म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि सगळे म्हणतात म्हणून घरचेही म्हणू लागले होते. साहेबांनी कागद साबणाच्या हातानेच घेतला आणि एक नजर टाकून परत दिला.

"नापास कसलं? न. पा. म्हणजे नगरपालिका. आमच्याकडे रोज शंभर कागदांवर असतं हे."

"छपरासमोर नगरपालिका कशाला लिहील तो?"

साहेबांनी विचार केला. गालावरचा साबण वाळत चालला. "सांडपाण्याची वाहिनी नगरपालिकेची, हे तर तुला पटतं ना?"

"ते पटतं. छप्पर?"

"छप्पर..." साहेब जरा घुटमळले आणि मग त्यांचाच चेहरा उतरला. "बेकायदा असेल. परवानगी न घेता वाढवलं असेल. बाप रे, तसं असेल तर तुझं नापास परवडलं."

दोघंही आपापल्या धंद्याच्या चष्म्यातून बघत होती आणि दोघांनाही भलतंच दिसत होतं. पण हे त्यांना कोण सांगणार? खालच्या ओळीत मात्र बाईंना थोडा दिलासा सापडला. बॉयलर : ब. विजेचा बोर्ड : ब. मागचं दार : ब. बाकीच्या अकरा बाबी नुसत्या 'ठीक'.

"हे बघा, ब श्रेणी," बाई म्हणाल्या. "अ नाही मिळाली, पण ब काही वाईट नसते. पोरगं हुशार आहे, जरा आळशी आहे एवढंच. निदान बॉयलर तरी धड आहे."

आतल्या खोलीतून आवाज आला. "कसं आहे ग घर?"

"बघतोय, आई!" दोघं एकदम म्हणाली.

आई म्हणजे साहेबांच्या आई. सगळी धडपड त्यांच्यासाठी चालली होती. हे राहतं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी आई जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, चार माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं, आणि तेव्हापासून त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. सुरुवातीला त्या काठी घेऊन घरभर फिरत. मग पलंगापासून खिडकीपर्यंत. आता खिडकीपर्यंतही दिवसातून दोनदाच. डॉक्टर सरळ बोलले होते. "बाहेर चालवा त्यांना, सपाट जमिनीवर, रोज. हा हिवाळाही असाच गेला तर पुढे चालवायला काही उरणार नाही." म्हणून तळमजल्यावरचं, एकही पायरी नसलेलं घर हवं होतं, आणि ते आत्ताच हवं होतं. चार महिने हुडकून एकच सापडलं होतं. एका म्हाताऱ्या सुताराने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, बैठं, दारापासून फाटकापर्यंत फरसबंद वाट. पण त्यावर आणखी एका जोडप्याचा डोळा होता. सुतारकाकांनी दोघांनाही एकच मुदत सांगितली होती. शनिवारी बारापर्यंत बाईंनी हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर बारानंतर ते जोडपं.

आणि ऐन वेळी हे न. पा.

तपासनिसाला फोन लावला. लागला नाही. बाईंनी डबा भरता भरता लावला, बसमध्ये लावला, प्रार्थना संपल्यावर लावला. हा माणूस दिवसाला तीन घरं तपासायचा आणि त्याचा निम्मा दिवस लोकांच्या तळघरात जायचा, जिथे फोन पोचत नाही. बुधवारी गुडघाभर बर्फात तो बाईंच्या समोरच घर तपासत होता. नाक लाल, बोटं काकडलेली, दर दोन मिनिटांनी हातावर फुंकर. बाईंनी तेव्हा चार प्रश्न विचारले तर त्याने चारही वेळा "अहवालात येईल" एवढंच उत्तर दिलं. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्याने. आता अहवाल आला होता आणि उत्तर काही आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीपर्यंत बाईंचा संयम टिकला. नंतर टिकला नाही. त्यांनी थेट सुतारकाकांना फोन लावला. असा फोन करू नये, आधी नीट माहिती घ्यावी, हे त्यांना कळत होतं. पण नऊ विषय नापास झालेल्या मुलाच्या पालकांना बोलावून घ्यायची सवय अशी एका दिवसात जात नाही.

"काका, तपासणीचा निकाल आलाय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायला वाईट वाटतंय, पण घर नापास आहे. छप्परसुद्धा."

पलीकडून सावकाश प्रश्न आला, "छप्पर नापास?"

"असं लिहिलंय."

"ते छप्पर मी आणि माझ्या भावाने घातलंय, बाई. एकेक वासा निवडून." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "कोण म्हणतो नापास? वर चढला होता का तो?"

बाईंना ते माहीत नव्हतं. घंटा झाली आणि त्या "मी नंतर बोलते" म्हणून सुटल्या. दिवसभर फळ्यावर लिहिताना त्यांना तो प्रश्न टोचत राहिला. खरंच, चढला होता का तो? शिडी तर कुठे दिसली नव्हती. पण मग न चढता नापास कसं करेल? की हवेतूनच कळतं या लोकांना?

शुक्रवारी साहेबांनी आपली बाजू तडीस न्यायची ठरवली. जेवणाच्या सुट्टीत ते दोन मजले वर बांधकाम परवानगीच्या विभागात गेले आणि ओळखीच्या माणसाकडून त्या घराची फाइल काढून घेतली. फाइल स्वच्छ होती. परवानगी होती, नकाशा होता, छप्पर नकाशाप्रमाणेच होतं, इंचभरही इकडेतिकडे नाही. फाइलवाल्या माणसाने अहवाल उलटसुलट करून पाहिला आणि डोकं खाजवलं. "साहेब, न. पा. म्हणजे नळ-पाणी तर नसेल?"

"छपराला नळ?"

"तेही आहेच म्हणा," तो म्हणाला आणि दोघांनी चहा घेतला.

संध्याकाळी साहेब घरी आले ते नगरपालिका, नापास आणि नळ-पाणी अशी तीन ओझी डोक्यावर घेऊन. बाईंनी तोवर शाळेतल्या तीन शिक्षकांना विचारून आणखी दोन अर्थ जमवले होते. 'नवीन पाहिजे' आणि 'नंतर पाहू'. त्यातलं 'नवीन पाहिजे' खरं असेल तर? नवीन छप्पर, नवीन पाया, नवीन सांडपाण्याची वाहिनी. मग जुनं उरलं काय? ब श्रेणीतलं मागचं दार?

"मला वाटतं नको म्हणावं," साहेब म्हणाले.

"मग आईंचं काय?"

"आईचंच म्हणतोय. तिला नेऊन गळक्या छपराखाली ठेवायचं?"

"आणि इथे ठेवायचं?"

दाराशी काठीचा आवाज झाला. आई आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, चौकटीला धरून उभ्या होत्या. "माझ्यापायी भांडू नका रे," त्या म्हणाल्या. "मला काय, कुठेही एक खिडकी असली की झालं." आणि परत वळल्या. दोघंही त्यांची पावलं मोजत राहिली, कारण आजकाल तेच करायची सवय लागली होती. पलंगापर्यंत सात पावलं लागायची. आज नऊ लागली, मध्ये एकदा थांबून.

फोन वाजला तो तेव्हाच. तपासनीस होता. "अठरा मिस्ड कॉल," तो म्हणाला. "घर कोसळलं की काय?"

बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. "आधी हे सांगा, न. पा. म्हणजे काय?"

"न पाहिलेलं."

बाईंनी समासातला शेरा पुन्हा बोटाखाली धरला.

"न पाहिलेलं म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे मी पाहिलं नाही. छपरावर हातभर बर्फ आहे, साहेब. पन्हळी गोठलेल्या. मागचा पाया ढिगाऱ्याखाली. सांडपाण्याचं झाकण उघडेना, बर्फाने चिकटलंय. बागेतला नळ थंडीसाठी बंद केलेला. जे दिसत नाही ते मी कसं तपासणार? आमच्यात असंच लिहितात."

"म्हणजे नापास नाही?" बाईंचा आवाज चढला.

"मी कुणाला पासनापास करत नाही."

बाईंनी सुटकेचा श्वास घेतला आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की सुटायला काही झालेलंच नाही. "मग छप्पर चांगलं आहे?"

"मला काय माहीत? पाहिलंच नाही ना."

"पण अंदाज?"

"अंदाज लिहायला समास नसतो, बाई. बर्फ वितळला की बोलवा, बघून जाईन. दोन-अडीच महिने."

"आणि ते ब?" साहेबांनी मध्येच तोंड घातलं. "ब श्रेणी, ती तरी बरी ना?"

पलीकडे तपासनीस बहुधा हसला, कारण थोडा खोकला. "कसली श्रेणी? ब म्हणजे बदला. बॉयलर बदला, बोर्ड बदला, मागचं दार बदला. बोर्डाच्या तारा तर या हिवाळ्यातच बदलून घ्या. त्यात हयगय नको."

फोन ठेवला. दोन दिवस ज्याला वाईट म्हणून दोघं रडत होती ते वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं, ते काहीच नव्हतं. आणि ज्याच्या आधाराने धीर धरला होता तेवढंच काय ते नक्की खराब निघालं होतं. साहेबांनी कागद घेऊन दोन रकाने पाडले, घ्यावं आणि घेऊ नये. छप्पर कुठल्या रकान्यात टाकायचं ते कळेना म्हणून दोन्हीकडे टाकलं. मग पायाही दोन्हीकडे टाकला. शेवटी दोन्ही रकाने सारखे झाले आणि साहेबांनी कागद चुरगाळला.

बाईंना मात्र वेगळीच रुखरुख लागली होती. "अहो, मी त्या काकांना नापास म्हणाले."

"सांगू की उद्या, चुकलं म्हणून."

"फोनवर नाही. जाऊनच सांगू."

शनिवारी सकाळी आईंचं खाणंपिणं आटोपून, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून दोघं निघाली. हो म्हणायचं की नाही ते ठरलेलं नव्हतं. बसमध्ये तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. उतरून गल्लीत वळेपर्यंत पावणेबारा झाले होते. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, त्यातून एका माणसापुरती वाट. साहेब पुढे, बाई मागे, दोघंही पायाखाली बघत चालली होती. म्हणून घर समोर आलं तरी त्यांनी वर पाहिलं नाही. वरून धप्प करून बर्फाची लादी साहेबांच्या पुढ्यात पडली तेव्हा पाहिलं.

सुतारकाका छपरावर होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर कानटोपी, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक धुराड्याला बांधलेलं, हातात फावडं. अर्धं छप्पर त्यांनी मोकळं केलं होतं. तांबडी कौलं ओली चमकत होती. उरलेल्या अर्ध्यावर ते गुडघे टेकून बसले होते आणि फावडं चालवत होते.

बाई हात हलवत पुढे धावल्या. "काका! अहो काका, काय करताय हे?"

"आलात?" काकांनी वरूनच विचारलं. "बघून घ्या. इकडची बाजू बघा. एक कौल हललेलं नाही."

"खाली या आधी! माझं चुकलं! नापास नव्हतं ते! न पाहिलेलं होतं!"

काकांनी कानटोपीतून एक कान बाहेर काढला. "काय खाल्लेलं?"

"पाहिलेलं! न पाहिलेलं! तपासनिसाने पाहिलंच नाही!"

"तेच तर म्हणालो मी!" काका खूश झाले. "चढलाच नाही तो! मग मी दाखवतोय ना आता!" आणि फावडं परत चालू झालं. बर्फ घसरत घसरत खाली आला आणि त्याच्याबरोबर काकांचा एक पायही घसरला. दोर ताणला गेला. साहेबांनी धावत जाऊन शिडी धरली. तिचा काही उपयोग नव्हता, पण काहीतरी धरणं भाग होतं. काका सावरले, धुराड्याला टेकले, धापा टाकत बसले. मग समोर वाकून त्यांनी कौलावरून हात फिरवला, आणखी जरा वाकले आणि एका कौलाखाली डोकावले.

"बाई," ते म्हणाले. आवाज पडला होता. "लिहून घ्या. इथे कोपऱ्यात चार कौलं फुटलीत. खालची फळी काळी पडलीय. हे मला माहीत नव्हतं. आई शप्पथ, माहीत नव्हतं."

बाई त्या क्षणी हिशोबी माणसासारख्या विचार करू शकल्या असत्या. चार कौलं, एक फळी, ओल कुठवर गेली असेल. पण त्यांना दिसत होता तो कमरेला दोर बांधलेला एक म्हातारा, जो त्यांच्या एका शब्दापायी वर चढला होता आणि आता स्वतःच्याच घराचा दोष गिऱ्हाइकाला ओरडून सांगत होता. त्यांना भीती वाटत होती आणि स्वतःचा राग येत होता.

"घेतलं!" बाई ओरडल्या. "घेतलं आम्ही घर! उतरा आता!"

"फुटलीत म्हणतोय ना मी!"

"फुटू देत! उतरा!"

साहेबांनी शिडी धरल्या धरल्या मान वळवली. "अगं, खरंच घेतलं? की त्यांना उतरवायला म्हणालीस?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

काका एकेक पायरी चाचपत उतरले. जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी दोर सोडला, हातमोजे काढले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "बॉयलरही गेलाय. तेही सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "ब आहे तो."

"ब म्हणजे?"

"जाऊ द्या हो, ते ऐकायला गेलात तर बारा वाजून जातील," बाई म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपण मघाशी ओरडलो ते आता मागे घ्यायचं नाहीये. छप्पर अर्धं पाहून झालं होतं. पाया, पन्हळी, सांडपाणी कुणीच पाहिलं नव्हतं, आणि बर्फ जाईपर्यंत कुणी पाहणारही नव्हतं. हे घर गळेल की टिकेल, बाईंना काही कळत नव्हतं. पण ज्याच्याकडून घ्यायचं तो माणूस त्यांनी पाहिला होता. "काका, त्या लोकांना कळवा. आम्ही घेतोय. फळी तेवढी आम्हाला दाखवून बदला."

काकांनी मान हलवली. दाराच्या आत जाऊन त्यांनी फोन केला. साहेब फाटकापर्यंतच्या फरसबंद वाटेवर बूट घासत उभे होते. वाट झाडून ठेवलेली होती, सपाट, कोरडी, एकवीस पावलांची. साहेबांनी मोजून पाहिली, परत मोजली, आणि मग आईला फोन लावला. लागल्यावर त्यांनी फोन बाईंच्या हातात दिला.

"आई," बाई म्हणाल्या, "कपडे करून बसा. संध्याकाळी तुम्हाला घर बघायला आणतोय. खुर्चीतून उतरवू जिना. इथे चालायचं मात्र तुम्ही."

आई म्हणाल्या, "माझे बूट कुठे आहेत ग? तपकिरी."

ते बूट बाईंनी गेल्या वर्षी कपाट आवरताना शाळेतल्या मावशींना देऊन टाकले होते. आता कुठे लागणारेत, असं स्वतःशी म्हणून. कुणाला विचारलं नव्हतं. आईंना तर नाहीच. आईंना विचारायचं असतं हे तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं. एवढी लाज बाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आई, ते मी देऊन टाकले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं..."

काय वाटलं ते आईंनी विचारलं नाही.

"तुझे होतील का ग मला?"

"एक माप मोठे आहेत."

"मग जाड मोजे घालते," आई म्हणाल्या.